तिसरा की तीन?

आता असं करा. आज तुम्ही जेवढे आहात, तेवढी तुमची मुलं झाली आहेत अशी कल्पना करा. हसू नका, वर्षं भराभर जातात. त्या दिवसांत तासगावच्या बाजूला गेलात, तर द्राक्षबागांवर पातळ, पारदर्शक छतं दिसतील. वेलींना हवं तेवढं ऊन आत सोडणारी आणि उरलेल्या उन्हाची वीज करणारी. एसटी असेलच, पण धूर न सोडणारी. शाळेत फळा असेल आणि त्यावर खडू कर्र वाजला की तुमची मुलंही तुमच्यासारखेच कान झाकतील. सगळंच काही बदलत नाही.

त्या बाजूला बोरगेवाडी नावाचं एक गाव आहे असं समजा, आणि त्या गावात शाल्मली खराडे नावाची मुलगी. पाचवीत शिकणारी. गणित बरं, धावणं त्याहून बरं, पण तोंड बंद ठेवणं अजिबात न जमणारी. त्यामुळे त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तिचे मोठे हाल चालले होते. आई तिला म्हणाली होती, "शालू, तुला भाऊ किंवा बहीण येणार आहे. पण तीन महिने सरेपर्यंत बाहेर बोलायचं नाही. कुणापाशी म्हणजे कुणापाशी नाही."

"प्रांजलपाशी पण नाही?"

"प्रांजलला सांगितलंस म्हणजे पोस्टरच लावलंस की गं गावात."

शाल्मलीने शपथ घेतली आणि पाळली. कारण दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं ते तिला अर्धवट ठाऊक होतं. तेव्हाही आई अशीच हसत होती, अशीच चिंच मागत होती. मग एक दिवस पप्पा तिला घाईघाईने दवाखान्यात घेऊन गेले आणि दोघं परत आले तेव्हा घरात कुणी बोलेना. ते बाळ राहिलं नव्हतं. म्हणून या वेळी शाल्मली आईच्या मागेमागे असायची. आईने बादली उचलली की ही आधी कडी धरायची.

मंगळवार हा बोरगेवाडीच्या आरोग्य उपकेंद्रात गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस. रुक्साना मुलाणी या गावच्या आशाताई. कुणाच्या घरात कोण पोटुशी आहे, कुणाच्या बाळाची लस राहिली आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांच्या टेबलावर त्या वर्षी एक नवं यंत्र आलं होतं. काड्यापेटीएवढं, पांढरं. त्याचं नाव 'चाहूल'.

ते दंडावर चिकटवायचं. त्याच्या पोटाशी केसाहून बारीक काटे असतात; ते टोचलेले कळतही नाहीत. दोन-चार थेंब रक्त आत ओढलं जातं आणि पुढचं काम चाहूल करते. काय करते ते नीट समजून घेऊ.

बाळ आईच्या पोटात वाढतं तेव्हा त्याला खाऊपिऊ घालायला एक अवयव तयार होतो. त्याला वार म्हणतात. ही वार काही पदार्थ बनवते आणि ते आईच्या रक्तात उतरतात. त्यातला एक पदार्थ सुरुवातीच्या महिन्यांत रोज वाढत जातो. दुसरा आधी झपाट्याने चढतो, साधारण नवव्या-दहाव्या आठवड्यात शिखर गाठतो आणि मग उतरू लागतो. आता, आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. कधीकधी एकविसाव्या जोडीत दोनऐवजी तीन गुणसूत्रं येतात. अशा मुलाला डाऊन सिंड्रोम आहे असं म्हणतात. तो ताप नव्हे की औषधाने उतरावा. ते मूल घडतानाच तसं घडलेलं असतं. ते सावकाश शिकतं, काहींच्या हृदयाला त्रास असतो, पण पुष्कळ जणं शाळेत जातात, कामं करतात, भांडतात, लाडावतात. अशा बाळाच्या वेळी आईच्या रक्तातला पहिला पदार्थ बहुधा कमी असतो आणि दुसरा बहुधा जास्त. चाहूल हे दोन्ही मोजते, आईचं वय बघते आणि शंका किती घ्यावी याचा एक आकडा सांगते.

मुलगा की मुलगी, हे ती सांगत नाही. सांगूच शकत नाही, तशीच ती बनवली आहे. मुलगा-मुलगी कळू नये म्हणूनच तर पोटातलं चित्र दाखवणारं सोनोग्राफीचं मशीन गावोगाव फिरवायला कायद्याची बंदी. ते तालुक्याला, नोंदलेल्या दवाखान्यातच. तिथे रांग मोठी. म्हणून आधी गावात चाहूल, मग तालुक्याला सोनोग्राफी, अशी रीत पडली होती.

त्या मंगळवारी उपकेंद्रात गर्दी होती. मुलाणीताई एकीचा रक्तदाब घेत होत्या, दुसरीला गोळ्या समजावत होत्या.

"ये गं मोनाली, बस. आणि ही शालूबाई कशाला? शाळा बुडवून आलीस व्हय?"

"दुपारची सुट्टी आहे, ताई."

"मग रिकामी कशाला बसतेस? हा टॅब धर. आईचं नाव आलंय का बघ, आणि विचारतंय ते भर. आता सगळं मराठीत आलंय. आधी शेवटच्या पाळीची तारीख विचारायचं, ती निम्म्या जणींना आठवायची नाही. गेल्या महिन्यापासून सोपं केलंय."

शाल्मलीने टॅब मांडीवर घेतला. आईचं नाव, वय, वजन आधीच भरलेलं होतं. शेवटचा प्रश्न होता, 'गर्भ किती महिन्यांचा आहे?' आणि खाली एकपासून नऊपर्यंत मोठाली बटणं.

"आई, कितवा?"

"तिसरा लागलाय," दंडावरची बाही वर घेत आई म्हणाली.

शाल्मलीने तीनवर बोट ठेवलं. चाहूल टिकटिकली. झालं.

शुक्रवारी संध्याकाळी मुलाणीताई घरी आल्या. चहाला नको म्हणाल्या, तेव्हाच आईने ओळखलं. त्यांच्या हातात लाल कडेची चिठ्ठी होती.

"हे बघ मोनाली, आधी ऐकून घे. हा निकाल नाही. ही चाळणी आहे. आकडा आलाय आठात एक."

"म्हणजे?" पप्पांनी विचारलं. शाल्मलीचे पप्पा, सुहास खराडे, बेदाण्याच्या शीतगृहात काम करायचे. तापमान अर्ध्या अंशाने चढलं तरी झोपेतून उठणारा माणूस. त्यांना 'साधारण', 'बहुधा' असले शब्द आवडत नसत.

"म्हणजे असा आकडा आलेल्या आठ बायका असल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम निघतो. सात जणींचं काही निघत नाही. पक्कं कळायला पुढं जायचं. आधी तालुक्याला सोनोग्राफी, आणि मग हवं असलं तर सांगलीला सुईची तपासणी. बारीक सुईने वारेचा कण काढतात. ती पक्की."

"आणि सुईने बाळाला काही होत नाही ना?" आईने विचारलं.

मुलाणीताई खोटं बोलत नसत. "हजारात दोन-तीन जणींचं बाळ राहत नाही," त्या म्हणाल्या.

आईने चिठ्ठीची घडी केली, मग त्या घडीची घडी केली. "मग मला नको," ती म्हणाली.

त्या रात्रीपासून घरातली भाषा बदलली. 'बाळ' हा शब्द गेला आणि 'ते' आलं. ते जायचं ठरलं का. त्याचं काय करायचं. पप्पा म्हणत, "एकदा कळलं म्हणजे मोकळं. मला असं लोंबकळत राहता येत नाही." आई म्हणे, "तुम्हाला मोकळं व्हायचंय. सुई मला टोचणार आहे." पप्पा म्हणत, "नुसती सोनोग्राफी तरी करून ये." आई म्हणे, "तिथं गेले की तुम्ही आणि डॉक्टर मिळून मला सुईपर्यंत नेणार. मला कुठंच यायचं नाही." दहाव्या दिवशी, सोमवारी, पप्पा जेवणाचं ताट घेऊन ओसरीवर जाऊन बसले. असं आधी कधी झालं नव्हतं.

शाल्मलीला मधल्या मध्ये एकच गोष्ट कळत नव्हती. आठात एक म्हणजे जास्त की कमी?

आई गावाबाहेरच्या बेदाणा शेडवर कामाला होती. तिथलं निवडीचं मशीन ती चालवायची. बेदाणे पट्ट्यावरून धावत येतात, वर कॅमेरा असतो, आणि ज्या बेदाण्याचा रंग संशयास्पद दिसेल त्याच्यावर हवेची फुंकर बसते. तो उडून बाजूच्या ट्रेमध्ये पडतो. शाळा सुटल्यावर शाल्मली शेडवर गेली तेव्हा आई त्या बाजूच्या ट्रेशीच उभी होती.

"आई, आठात एक म्हणजे पुष्कळ?"

आईने ट्रे टेबलावर ओढला. "मोज. मशीनने ज्यांच्यावर शंका घेतली ते हे. ऐंशी मोज आणि त्यातले खरंच खराब किती ते सांग."

शाल्मलीने ओळीत मांडून मोजले. एकेक उचलून उजेडात धरला. काही फक्त ओले होते म्हणून काळपट दिसत होते. काहींना देठ चिकटलेला होता. एकाच्या अंगावर दुसऱ्याची सावली पडली असणार, त्याच्यात तर काहीच नव्हतं. तो तिने खाल्ला.

"अकरा खराब. एकोणसत्तर चांगले. म्हणजे अडुसष्ट आणि एक पोटात."

निवडायला बसलेल्या बायका हसल्या. "मोनाली, पोरगीला मजुरी लाव!"

आईही हसली, त्या आठवड्यात पहिल्यांदा. "बघ, हे साधारण आठात एकच आहे. मशीनचं काम शंका घेण्याचं. खरं-खोटं करायचं काम या मावश्यांचं. मशीनने उडवलेला सगळा माल कुणी फेकला तर शेटजी आम्हाला घरी बसवतील."

"मग तुला हे सगळं माहितीये. तर घाबरलीस कशाला?"

आईने एक बेदाणा बोटांत फिरवला. "चुकून चांगला फेकला, तर एक बेदाणा गेला," ती म्हणाली. "हे तसं नाही, शालू."

शाल्मलीने मांडलेले बेदाणे एकेक करून ट्रेमध्ये परत ठेवले.

बुधवारी शाळेत धावण्याच्या स्पर्धांची नावं घ्यायची होती. कोळेकर सर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. गट दोन: दहा वर्षांपर्यंतचा आणि त्यावरचा.

"खराडे, वय?"

"अकरा."

सरांनी रजिस्टर पाहिलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "अकरा कुठून आणलीस? दिवाळीत तुझा वाढदिवस झाला तेव्हा दहा पुरी झाली म्हणून पेढे वाटले होतेस. मोठ्या गटात पळून मोठी ढाल पाहिजे का?"

"नाही सर, आई म्हणते मला अकरावं लागलंय."

"अगं, अकरावं लागलं म्हणजे दहा भरली! लागलेलं मोजायचं नसतं, भरलेलं मोजायचं असतं. घरात आपण कितवं ते सांगतो आणि फॉर्मवर किती ते लिहितो. अकरावं म्हणजे अकरा नव्हे. दहा लिही."

मागच्या मुली खिदळल्या. प्रांजल म्हणाली, "चल की, पेन दे." पण शाल्मली पेन हातात धरून तशीच उभी राहिली.

तिसरा लागलाय.

तिसरा म्हणजे तीन नव्हे.

आईचे दोन भरले होते. आणि मी तीन दाबलं.

तिला वाटलं, काही बोलूच नये. कुणाला कधी कळणारही नाही. टॅब मुलाणीताईंचा, बोट कुणाचं होतं ते टॅबला ठाऊक नाही. ती तासभर वर्गात बसली. सर नद्यांची नावं सांगत होते आणि तिच्या डोळ्यांसमोर ओसरीवरचं पप्पांचं ताट येत होतं. शेवटी पाणी प्यायला म्हणून उठली ती सरळ घराकडे पळत सुटली. त्या दिवशी स्पर्धा असती तर दोन्ही गटांत पहिली आली असती.

आई-पप्पा दोघंही घरी होते. एकमेकांकडे पाठ करून चहा पीत होते.

"माझ्यामुळे झालं," दारातूनच ती म्हणाली. "मी चुकीचं बटण दाबलं. तू तिसरा म्हणालीस आणि मी तीन दाबलं. मशीनने विचारलं होतं किती महिने. दोन दाबायला पाहिजे होतं. किंवा दोन आणि थोडं, पण तसं बटणच नव्हतं." आणि मग इतका वेळ धरून ठेवलेलं रडू एकदम फुटलं.

पप्पा ताडकन उठले. "एवढं कळत नाही तुला? काय खेळ आहे का तो? बारा दिवस घरात..."

"तिला कशाला बोलता?" आई म्हणाली. "तिसरा मीच म्हटलं. तुम्ही असता तर काय दाबलं असतं?"

पप्पा खाली बसले. "तीनच दाबलं असतं," ते म्हणाले.

आईने शाल्मलीचे डोळे पदराने पुसले. शाल्मलीने हुंदका गिळला. "आई, आता तरी चल ना दवाखान्यात."

"नको गं. मी एकदा नको म्हटलंय."

"पण तू चुकीच्या गणिताला नको म्हटलंयस! आकडा चुकला की कोळेकर सर अख्खं गणित पुन्हा सोडवायला लावतात. नको म्हणायचं तर बरोबर उत्तराला म्हण."

पप्पांना त्या परिस्थितीतही हसू आलं. ते त्यांनी चहाच्या कपात लपवलं. मग कप खाली ठेवून आईला म्हणाले, "मोनाली, नुसती सोनोग्राफी. सुईचं नाव मी काढणार नाही. डॉक्टरांनी काढलं तरी उत्तर तू द्यायचंस, मी नाही."

आईने वळून त्यांच्याकडे पाहिलं. "बघा हं," ती म्हणाली. "पोरीसमोर बोलताय."

दुसऱ्या दिवशी मुलाणीताईंनी ओळखीने तालुक्याच्या दवाखान्यात नंबर लावला आणि स्वतः बरोबर आल्या. सोनोग्राफीच्या खोलीत मुलांना सोडत नाहीत. शाल्मली बाहेरच्या बाकावर बसली, पायाची बोटं मोजत. वीस मिनिटांनी डॉक्टर बिरनाळेंनी तिलाही शेजारच्या आपल्या खोलीत बोलावलं. डॉक्टर मोठ्या होत्या, केस पिकलेले, आणि टेबलावर शेंगदाण्याची चिक्की.

"बोट कुणाचं? तुझं का?" त्यांनी विचारलं.

शाल्मलीने मान खाली घातली.

"वर बघ. बाळ डोक्यापासून बुडापर्यंत पस्तीस मिलिमीटर आहे. तुझ्या पट्टीवर साडेतीन सेंटिमीटर. या वयात सगळी बाळं जवळजवळ सारखीच वाढतात, म्हणून मापावरून दिवस सांगता येतात. आज दहा आठवडे आणि तीन दिवस. हृदय छान चाललंय. म्हणजे चाहूल लावली तेव्हा नववा आठवडा चालू होता आणि यंत्राला वाटलं तेरा झाले."

"एवढ्याने एवढा फरक?" पप्पांनी विचारलं.

"चौथीतल्या मुलीला आठवीच्या रांगेत उभी करा," डॉक्टर म्हणाल्या, "आणि मग म्हणा, ही फार बुटकी आहे हो. तसं झालं. वाढणारा पदार्थ अजून वाढायचा होता, म्हणून तो कमी दिसला. चढून उतरणारा अजून शिखरावर होता, म्हणून जास्त दिसला. नेमकं डाऊन सिंड्रोमसारखं चित्र. रक्त खरं बोलत होतं, रांग चुकली होती."

आईने विचारलं, "म्हणजे बाळाला काही नाही?"

"असं मी म्हणणार नाही. तो आकडा चुकीचा होता, एवढंच मला माहीत आहे. बरोबर आकडा हवा असेल तर दोन आठवड्यांनी या. पुन्हा रक्त घेऊ, आणि तेव्हा बाळाच्या मानेमागची जागाही सोनोग्राफीत मोजता येते. दोन्ही मिळून चाळणी पक्की होते. आणि नको असेल तर येऊ नका. कुणी रागावणार नाही. काहींना आधी कळलेलं बरं वाटतं, काहींना नाही. कळल्यावर काय करायचं तेही प्रत्येक घर आपापलं ठरवतं."

आईने पप्पांकडे पाहिलं नाही. सरळ डॉक्टरांकडे पाहिलं. "रक्त देईन," ती म्हणाली. "चाळणीला माझी हरकत नाही, मी रोज चालवते. सुईचं मात्र आज विचारू नका."

"नाही विचारत," डॉक्टर म्हणाल्या. मग मुलाणीताईंकडे वळल्या. "तुमच्या गावात या महिन्यात लाल चिठ्ठ्या किती?"

"चार. एरवी तीन-चार महिन्यांत एखादी यायची." मुलाणीताईंचा हात तोंडावर गेला. "मॅडम, आमच्याकडं सगळ्याच बायका कितवा तेच सांगतात. किती भरले ते कोण सांगतंय? मी स्वतः तिघींचा तिसरा म्हणून तीन टाकलाय."

"तिघींना उद्याच पाठवा. आणि शंका नाही म्हणून ज्यांना हिरव्या चिठ्ठ्या आल्या त्यांनाही बोलवा. चुकीच्या रांगेत कोण उंच दिसलं असेल, कोण जाणे." डॉक्टरांनी चिक्कीचा तुकडा शाल्मलीला दिला. "तुझी चूक झाली, खरी. पण ज्यांनी हा प्रश्न लिहिला त्यांनी आपल्या माणसांना महिने मोजताना कधी ऐकलं नव्हतं. तू तासभर गप्प बसलीस, मग बोललीस. मोठी माणसं कधीकधी दोन वर्षं बसतात. मी आज यंत्रवाल्यांना कळवते. प्रश्न बदलायला मात्र त्यांना महिना-दोन महिने लागतील."

"तोपर्यंत?" शाल्मलीने विचारलं.

"तोपर्यंत मुलाणीताई आहेत की."

तुम्हाला पुढच्या आकड्याची घाई झाली असेल, म्हणून तो आधी सांगून टाकलेला बरा. दोन आठवड्यांनी रक्त दिलं, मान मोजली. आकडा आला अकराशेत एक.

"म्हणजे नाही," पप्पा मोठा श्वास सोडून म्हणाले.

"म्हणजे अकराशेत एक," आई म्हणाली.

"आणि तो एक आपलाच निघाला तर?"

"तर तो आपलाच." आईने चिठ्ठी फ्रीजवर लावली. "तयारीला सहा महिने आहेत. आधी तो पाळणा रंगवून घ्या, गंजलाय."

पप्पांनी दुसऱ्या दिवशी रंग आणला. पिवळा. रंगवता रंगवता त्यांनी दुकानदाराला, शेजाऱ्याला आणि रस्त्याने जाणाऱ्या दोघांना बातमी सांगितली. तीन महिने सरले होते, तेही खरेखुरे. प्रांजलला मात्र शाल्मलीने स्वतः सांगितलं, आणि पोस्टर लावल्यासारखी ती बातमी गावभर झाली.

पण त्याच्या आधीची गोष्ट राहिली. दवाखान्यातून आल्यानंतरचा पहिलाच मंगळवार. उपकेंद्रात नेहमीसारखी गर्दी होती. मुलाणीताई एकीचं वजन करत होत्या, दुसरीच्या बाळाला गप्प करत होत्या. टॅबवर तोच प्रश्न होता आणि तीच नऊ बटणं. दुपारची सुट्टी झाली तशी शाल्मली धावत आली. घाम पुसला, टेबलाशेजारचं स्टूल ओढलं आणि हात पुढे केला.

"ताई, टॅब माझ्याकडे द्या."

मुलाणीताईंनी टॅब दिला, आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून तेही तिच्या मांडीवर ठेवलं.

पहिली आली ती वरच्या आळीतली शुभांगीकाकू. धापा टाकत बसली. बाही वर घेतली.

"काकू, कितवा?"

"चौथा बघ," काकू म्हणाली.

शाल्मलीचं बोट बटणांच्या वर थांबलं.

"लागला की भरला?" तिने विचारलं.

काकू हसायला लागली. "अगं बया, पोरगी तर सासूबाईंसारखी चौकशी करतीय! चौथा म्हणजे चौथा."

शाल्मली हसली नाही. तिने कॅलेंडर उघडून काकूच्या पुढ्यात धरलं आणि मागची पानं एकेक करून उलटू लागली.

"घाई नाही, काकू," ती म्हणाली. "शेवटची पाळी कधी आली होती? यात्रेच्या आधी की नंतर? आठवून सांगा. तोवर मी काहीसुद्धा दाबणार नाही."